लाख : प्लॅस्टिकच्या आधी आणि नंतर

प्लॅस्टिकला पर्याय म्हणून आज लाखेचे नाव निघते तेव्हा गंमत वाटते, कारण कारखान्यातले पहिले पूर्ण कृत्रिम प्लॅस्टिक लाखेला पर्याय शोधतानाच सापडले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विजेच्या गुंडाळ्यांवर रोधक थर द्यायला लाख लागे. ती बहुतांश हिंदुस्थानातून जाई, आणि जेवढी पिकेल तेवढीच मिळे. तिच्या तोडीचे काही प्रयोगशाळेत करता येते का, या खटपटीतून लिओ बेकलंड यांनी १९०७ मध्ये बेकेलाइट तयार केले.

लाख म्हणजे एका किड्याने सोडलेली राळ. या किड्याची पिल्ले डोळ्यांना जेमतेम दिसतात. पळस, बोर किंवा कुसुमाच्या कोवळ्या फांदीत सोंड रोवून ती रस शोषतात आणि अंगातून राळ सोडत स्वतःभोवती कवच उभारतात. मादी जागची पुन्हा हलत नाही. असंख्य कवचे एकमेकांत मिसळून फांदीवर जो खडबडीत थर चढतो, तो खरवडला की लाख.

आपल्याकडे ती जुनीच. लाक्षागृहाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. शिवाय बांगड्या, पोकळ दागिन्यांतले भरण, अळता. युरोपला तिची शास्त्रीय ओळख जेम्स केर यांच्या १७८१ च्या लेखातून झाली. तिकडच्या व्यापाऱ्यांचा डोळा आधी तिच्या लाल रंगावर होता. कृत्रिम रंगांनी तो धंदा बसवला, तोवर राळेला गिऱ्हाईक मिळाले होते.

मिर्झापूरच्या कारखान्यांत दाणा लाख, म्हणजे कुटून धुतलेली लाख, लांबलचक कापडी पिशवीत भरून भट्टीसमोर धरत आणि पिशवी पिळत. गळलेली राळ पसरून तिची पोळी आगीपुढे हातापायांनी, प्रसंगी दातांनीही ताणत. थंड होऊन तिचे तुकडे झाले की चपडा. तोच दगडाच्या भुकटीत मिसळून ग्रामोफोनच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या निघाल्या. बालगंधर्वांचे गाणे आपल्यापर्यंत पोचले ते याच किड्याच्या कृपेने. १९४२ मध्ये अमेरिकेने तबकड्यांसाठीची लाख ७० टक्क्यांनी कमी केली, कारण ती युद्धसामग्रीला हवी होती.

दरम्यान १९२४ मध्ये रांचीजवळ नामकूमला लाख संशोधन संस्था उभी राहिली. पण १९४८ मध्ये व्हिनाइलच्या तबकड्या बाजारात आल्या आणि सर्वांत मोठे गिऱ्हाईकच गेले.

तरी लाख संपली नाही. गोळ्यांवरचे आवरण, सफरचंदाची चकाकी आणि लाकडाचे पॉलिश यांत ती आहेच. मात्र ती प्लॅस्टिकची जागा सर्रास घेईल हे मला पटत नाही: ती ७५-८० अंशांना मऊ पडते, स्पिरिटमध्ये विरघळते आणि पाण्याने पांढरी पडते. तिची जमेची बाजू झाडाशी आहे. लाख घ्यायची तर पळस उभा ठेवावा लागतो, त्याची फक्त छाटणी होते. ती अहिंसक मात्र म्हणता येत नाही. खरवडताना किडे मरतातच.

अडचण बियाण्याची आहे. पिल्ले बाहेर पडायला आलेल्या फांद्या पुढच्या झाडांना बांधल्या तरच नवे पीक येते. उन्हाळ्यात पळसावरचे किडे उष्म्याने मरतात, आणि हाती पैसा नसलेला शेतकरी पीक पक्व होण्याआधीच कापून विकतो. मग पुढच्या हंगामाला बीज शोधत फिरावे लागते.