इग्वाना विमानाने न्यायचाय? तिकीट सगळ्यात शेवटी काढा

"भो, पुण्याचं विमानाचं तिकीट काढून दे, सोबत इग्वाना आहे." माझ्या ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात आलेला पोरगा म्हणाला. इग्वाना म्हणजे हौसेने पाळतात तो परदेशी मोठा सरडा. हातात बुटाचा खोका, त्याला पेनाने पाडलेली भोकं. मी तिकीट काढलं नाही, कागद मागितले. त्याच्याकडे साधं बिलही नव्हतं.

आधी प्राणी कोणता ते बघा. तापीतलं कासव, तारा कासव, घोरपड, अजगर हे सगळे वन्यजीव (संरक्षण) कायदा १९७२ खाली येतात. ते घरात ठेवणंच गुन्हा आहे, विमान तर दूरच. शुभ म्हणून हौदात सोडलेलं तारा कासवही त्यातच आलं. वास्तुवाले एवढं मात्र सांगत नाहीत.

हिरवा इग्वाना, बॉल पायथन (आफ्रिकेतला छोटा अजगर) हे परदेशी. ते साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत असल्याने त्यांची नोंदणी सक्तीची आहे. २८ फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनी जुन्या मालकांना सहा महिने दिले होते, आता प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवस. अर्ज केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या 'परिवेश' पोर्टलवर करायचा, निर्णय मुख्य वन्यजीव रक्षकांचा. प्राणी कुठून, कधी आणला ते लिहावं लागतं, म्हणून विकणाऱ्याचं बिल जपा. शास्त्रीय नावही लागतं. हिरव्या इग्वानाचं ते 'इग्वाना इग्वाना' असंच आहे; पोराला वाटलं, मी चुकून दोनदा टाइप केलं. मुदत उलटली असेल तर गप्प बसू नका, वनविभागात जाऊन खरं काय ते सांगा.

मग पशुवैद्यकाचा आरोग्य दाखला. तो प्रवासाच्या तोंडावर घ्यायचा. किती दिवसांचा चालेल ते विमान कंपनी सांगते. तालुक्याचे डॉक्टर रोज गाई-म्हशी बघतात, तेव्हा आधी फोन करून जा.

सरपटणारे प्राणी सहसा केबिनमध्ये घेत नाहीत, घेतले तर कार्गोत. जळगावहून उडणारी विमानं छोटी. जिवंत प्राणी घेतात का, ते कार्गो विभागाकडून लेखी घ्या. नाहीतर संभाजीनगर किंवा मुंबई गाठा. धुळे-शिरपूरवाल्यांना इंदूर, नवापूरवाल्यांना सुरत सोयीचं.

खोका आयाटाच्या (विमान कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना) जिवंत प्राणी नियमांप्रमाणे हवा. साप आधी सुती पिशवीत घालून तोंड बांधायचं, पिशवी मग कडक, हवेशीर पेटीत. पिशवीची शिवण बाहेरच्या बाजूला असू द्या. आत दोरे सुटले तर अंगाला गुंततात. भोकं एवढी बारीक की नखही बाहेर येऊ नये. पाण्याची वाटी ठेवू नका, सांडते. पेटीवर 'जिवंत प्राणी' आणि वरची बाजू दाखवणारे बाण. सापाला निघायच्या आधीचे काही दिवस खायला देऊ नका, नाहीतर हेलकाव्यांत ओकतो.

खरी भीती आपल्या उन्हाची. या प्राण्यांचं अंग भोवतालच्या हवेइतकंच तापतं. मे महिन्यात जळगावचा पारा ४४ च्या पुढेही जातो, आणि उन्हात उभ्या गाडीत पेटी ठेवून तुम्ही चहाला गेलात तर परत आल्यावर उशीर झालेला असतो. पहाटेचं, थेट विमान घ्या; शक्य असेल तर हिवाळ्यात. बर्फ लावायचं डोकं चालवू नका.

परदेशी जायचं तर साइट्सचा परवाना आणि त्या देशाची आयात परवानगी वेगळी लागते. त्यात महिने जातात.

तो पोरगा शेवटी एकटाच पुण्याला गेला. इग्वाना भुसावळला मावशीकडे आहे, आणि बिलासाठी दुकानदाराला रोज फोन चालू आहेत.