कॅमोफ्लाज गणवेशाचे लघुरंगकाम

कथिल-शिशाचा मिश्रधातू, रेझिन किंवा प्लॅस्टिक यांच्या छोट्या सैनिकमूर्तींवर लष्करी छद्मावरणाचे (कॅमोफ्लाजचे) नमुने हाताने, कुंचल्याने रंगवण्याची छंदकला. मूर्ती बहुधा २८ किंवा ५४ मिमी. मापाच्या, अथवा १/७२ व १/३५ या प्रमाणांतल्या असतात. ५४ मिमी. हे माप टाचेपासून डोळ्यांपर्यंत धरावे की माथ्यापर्यंत, याविषयी एकवाक्यता नाही. माथ्यापर्यंत धरले तर १.७५ मी. उंचीच्या माणसाचे प्रमाण सुमारे १/३२ येते. डोळ्यांपर्यंत धरले तर ते १/३० च्या जवळ जाते. शिरस्त्राण घातलेल्या मूर्तीचा माथा दिसतच नाही, त्यामुळे दुसरी पद्धत अधिक व्यवहार्य वाटते.

फ्रेंच सैन्याने १९१५ मध्ये चित्रकारांची छद्मावरण तुकडी उभारली, तेव्हा भर तोफा आणि मोर्चे लपवण्यावर होता. मोठ्या प्रमाणावर छापलेले पहिले लष्करी छद्मावरण-कापड म्हणून इटलीच्या १९२९ मधील ‘तेलो मिमेतिको’चा उल्लेख करतात. ते मुळात तंबूचे कापड. जर्मनीचा कोनाकृती ठिगळांचा ‘श्प्लिटर’ नमुना १९३१ च्या सुमाराचा. तोही आधी तंबूवर आला आणि मग अंगावर.

रंगकाम करणाऱ्यांत सर्वाधिक वाद ब्रिटिश छत्रीधारी सैनिकांच्या डेनिसन स्मॉकविषयी आहे. हा अंगरखा १९४१-४२ च्या सुमारास प्रचारात आला आणि मेजर डेनिसन यांच्या नावाने ओळखला जातो. आरंभीचे स्मॉक रुंद ब्रशांनी खरोखरच हाताने रंगवले होते, असे एक मत आहे. इतक्या संख्येने लागणारे कपडे हाताने रंगवणे शक्य नव्हते, नमुना पहिल्यापासून छापील होता आणि कडाच तेवढ्या ब्रशासारख्या काढल्या होत्या, असे दुसरे. आरंभी ब्रश आणि मागणी वाढल्यावर छपाई, असा क्रम मानणे अधिक सयुक्तिक दिसते. मूर्ती रंगवणाऱ्याला त्याचा लाभ असा, की येथे कुंचल्याचा फटकारा लपवावा लागत नाही. फिकट वाळूरंगावर हिरवे आणि तपकिरी पट्टे अर्धसुक्या ब्रशाने ओढले, की कडा आपोआप फाटक्या उतरतात.

इतर नमुन्यांत अडचण प्रमाणाची येते. कापडावरचा ५ मिमी. व्यासाचा ठिपका १/३५ मूर्तीवर ०.१४ मिमी. आणि १/७२ वर ०.०७ मिमी. होतो. तो काढता येत नाही, आणि काढला तरी हातभर अंतरावरून सगळा गणवेश एकाच मळकट रंगाचा दिसतो. म्हणून आकार थोडे मोठे आणि संख्येने कमी घेतात. रंगांचे परस्परप्रमाण आणि थरांचा क्रम मात्र मूळ कापडाप्रमाणे ठेवावा लागतो. ब्रिटिश ‘डीपीएम’ (डिसरप्टिव्ह पॅटर्न मटेरियल) या छद्मावरण-नमुन्यात वाळूरंग, हिरवा, तपकिरी आणि शेवटी काळा हा क्रम बिघडला, तर ठिगळांची नक्कल कितीही अचूक असो, तो नमुना ओळखू येत नाही. ‘श्प्लिटर’मधील पावसासारख्या बारीक उभ्या रेघा १/७२ वर बहुतेक जण सोडून देतात, आणि ते योग्यच आहे.

चुण्यांची छाया आधी द्यावी की नमुन्यानंतर, यावरही दोन पक्ष आहेत. एक पक्ष प्रत्येक ठिगळाला स्वतंत्र उजळ छटा देतो. दुसरा नमुना पुरा करून त्यावर अतिपातळ गडद रंगाचे हात देतो. दुसऱ्या पद्धतीत ठिगळे कापडात मुरल्यासारखी दिसतात आणि वेळही वाचतो. दोन्ही पद्धतींत अस्तराचा (रंगाखालच्या प्रायमरचा) पहिला हात पातळच हवा. जाड अस्तराने खिसे, बटणे बुजतात.

सोलापूरच्या संदर्भात दोन गोष्टी विशेष नोंदवण्याजोग्या आहेत. पहिली शिवणकामाची. शहरात शालेय व इतर गणवेश शिवण्याचा मोठा उद्योग आहे. कटिंग मास्टर कापडाचे अनेक थर एकावर एक ठेवून ते एकदम कापतो, त्यामुळे छापील कापडाचा नमुना बाही, खिसा आणि खिशाची झडप यांवर जुळत नाही. मूर्तीवरही नमुना शिवणीपाशी तुटलाच पाहिजे. नवखे रंगकर्मी छातीवरचे ठिगळ सरळ खिशावरून ओढून नेतात, तिथेच गणवेश खोटा पडतो. दुसरी गोष्ट जॅकॉर्डची, म्हणजे भोके पाडलेल्या कार्डांवरून नक्षी विणणाऱ्या मागाची. सोलापुरी चादरीची नक्षी आधी ग्राफ कागदावर चौकोनांत उतरवतात आणि त्यावरून पंच कार्डे पाडतात. तिच्या फुलांची कड पायऱ्यापायऱ्यांची असते. कॅनडाने १९९०च्या दशकात, अमेरिकी मरीन दलाने २००२ च्या सुमारास आणि भारतीय भूदलाने १५ जानेवारी २०२२ च्या सेनादिनी पुढे आणलेले ‘डिजिटल’ नमुने याच चौकोनी जातीचे आहेत. मूर्तीवर सुटे चौकोन मोजून काढणे व्यर्थ. आधी ठिगळ भरून मग त्याच्या कडेला टोकदार कुंचल्याने दोन-चार पायऱ्या पाडणे पुरते. भारतीय नमुना राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेच्या (निफ्ट) सहकार्याने तयार झाला.

उन्हाळ्यात सोलापूरचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. ॲक्रिलिक रंग तेव्हा कुंचल्याच्या टोकावरच सुकतो आणि बारीक रेघ अर्ध्यात तुटते. यावर झाकणाच्या डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग असे ओले पॅलेट वापरतात. एनॅमल रंग सावकाश सुकतात, पण त्यांना थिनर लागते आणि बंद खोलीत त्याचा वास त्रासदायक होतो.

दिवाळीतील मातीच्या किल्ल्यांवर मांडले जाणारे मावळे ही निराळी परंपरा आहे. त्यांत ठळक, सपाट रंग आणि दुरून दिसणे यांना महत्त्व असते. छद्मावरणाचा हेतू नेमका उलट असल्याने तेथील चकचकीत रोगण येथे चालत नाही. शेवटचा हात मॅट वॉर्निशचाच देतात.