हिटरसाठी फ्यूज, वायर आन पिनची जुळणी

घरी बिअर बनवायच्या हंड्यात किंवा पाणी तापवायच्या ड्रमात जी कॉइल बसवतात, तिचा करंट पेलेल असा फ्यूज किंवा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), वायर, पिन आन सॉकेट निवडणे म्हणजे ही जुळणी. इकडे विदर्भातल्या खेड्यात बिअरचा हंडा कोणी मांडत नाही, विनापरवाना दारू गाळणं महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९ खाली गुन्हा आहे, वर्धा-गडचिरोलीत तर जिल्हाभर दारूच बंद, पण दोन-तीन किलोवॅटची तशीच कॉइल न्हाणीतल्या ड्रमात दिसते आन हिशोबही तोच.

वॅटला व्होल्टनं भागायचं की अँपिअर निघते. २३० व्होल्टवर २००० वॅट म्हणजे ८.७ अँपिअर, ३००० म्हणजे १३. साधा १५०० वॅटचा रॉडही साडेसहा ओढते, म्हणजे ६ अँपिअरच्या बारक्या सॉकेटवर तोही बसत नाही, तरी मोठी पिन बारक्या सॉकेटात बसवणारा कन्व्हर्टर लावून सर्रास चालते. कॉइलच्या करंटपेक्षा एमसीबी मोठा पाहिजे आन एमसीबीपेक्षा वायरची ताकद जास्त पाहिजे, ३००० वॅटला १६ अँपिअरचा एमसीबी, २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, १६ अँपिअरची मोठी पिन. कॉम्प्युटरच्या केबलचं सी-१३ कनेक्टर १० अँपिअरचं असते, गरम जागी सी-१५ वापरतात, करंट जास्त असला तर सी-१९.

लाईन डाऊन असली, म्हणजे व्होल्टेज कमी असलं की मोटर जास्त करंट ओढते म्हणून लोक कॉइललाही भितात, पण तिचं उलटं आहे, १८० व्होल्टवर ३००० ची कॉइल १८०० वॅटच्या आसपास येते, पाणी उशिरा तापते एवढंच.

खरी गोची वेगळी आहे. फ्यूज वायरला राखते, ढिल्या पिनला नाही! पिनच्या ढिल्या स्क्रूत ०.१ ओहमचा अडथळा आला तर १३ अँपिअरवर तिथंच सतरा वॅट उष्णता तयार होते, बारीक सोल्डरिंग आयर्नच समजा, आन करंट काही वाढत नाही म्हणून एमसीबीला पत्ताच लागत नाही. आधी प्लास्टिक पिवळं पडते, मग वास येते, मग सॉकेट काळं. बरं १६ चा एमसीबी १७ वर लगेच पडतही नाही, १.४५ पट म्हणजे २३ अँपिअरवर तासाभरात पडला तरी तो नियमात बसते. आन किटकॅटमध्ये, म्हणजे फ्यूजची तार बसवायच्या चिनी मातीच्या खोबणीत, फ्यूज तारेऐवजी वायरचे चार तार पिळून घातले मग तर विचारूच नका.

एक्स्टेन्शन गुंडाळलेलं ठेवू नये, आतली उष्णता बाहेर निघत नाही. स्टीलच्या ड्रमला अर्थिंग आन ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) पाहिजेच, कारण शॉकपासून एमसीबी वाचवत नाही. आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, मग अर्थिंगचा खड्डा कोरडा होऊन निकामी होते, त्यात अधूनमधून पाणी टाकत राहा.