नायट्रिक ऑक्साइड वाढवलं की कॅन्सर मरतो?

बीटाची पावडर घ्या, नायट्रिक ऑक्साइड हा शरीरात तयार होणारा वायू वाढेल, कॅन्सर मरेल, असा मेसेज कित्येक वर्षं फिरतोय. सोबत 1998 च्या नोबेलचा दाखला. फर्चगॉट, इग्नारो आणि म्युराड या शास्त्रज्ञांना ते मिळालं हा वायू रक्ताभिसरणात संदेशवहन करतो या शोधासाठी, कॅन्सरवरच्या उपचारासाठी नव्हे.

खरी मेख प्रमाणात आहे. मॅक्रोफेज, म्हणजे शरीराच्या संरक्षक पेशी, हा वायू भरपूर सोडतात तेव्हा कॅन्सरची पेशी मरू शकते. पण थोडाच असला, तर तोच वायू गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करतो, म्हणजे तिला रसदच पुरवतो. जुनाट दाहात तर त्याने निरोगी पेशींच्या डीएनएलाही इजा होते. म्हणूनच काही संशोधक हा वायू बनवणारं एन्झाइम उलट रोखून पाहतात. बीट जेवणात जरूर खा. पण त्याच्या भरवशावर केमो पुढे ढकलू नका, हात जोडून सांगतो.