हक्कसोडपत्र

हक्कसोडपत्र : सामाईक स्थावर मिळकतीतील एका सहहिस्सेदाराने आपला हिस्सा दुसऱ्या सहहिस्सेदाराच्या लाभात सोडून दिल्याचा दस्त. बोलण्यात नुसते ‘हक्कसोड’. आई मुलासाठी, भाऊ भावासाठीही तो करून देतो. पण गावाकडे ‘हक्कसोड झाली का?’ असे कोणी विचारले, तर प्रश्न बहुधा बहिणींच्या सह्यांचा असतो, आणि या दस्ताची खरी गुंतागुंत तिथेच आहे.

सोडायला आधी हक्क असावा लागतो. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे मृत्युपत्र न करता वारलेल्या पुरुषाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत विधवा, मुलगे, मुली आणि आई हयात असल्यास आई यांना समान वाटा मिळतो. चार एकर जमीन, मागे पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी असतील, तर मुलीच्या वाट्याला चाळीस गुंठे येतात. वडिलोपार्जित मिळकतीचे गणित निराळे. तिच्यात मुलीला मुलाप्रमाणे जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्ये केली, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली तिच्याबाहेर राहिल्या. ९ सप्टेंबर २००५ पासूनच्या केंद्रीय दुरुस्तीने तो भेद गेला. त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेली हस्तांतरणे व वाटण्या या दुरुस्तीने उलटत नाहीत.

वडील हयात असताना त्यांच्या स्वकष्टार्जित घरावरचा ‘हक्क’ मुलीकडून लिहून घेण्याला अर्थ नसतो. वारसा मिळण्याची नुसती आशा मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ६ नुसार हस्तांतरित करता येत नाही. तसेच हक्कसोड सहहिस्सेदाराच्याच लाभात होते. परक्याला द्यायचे तर बक्षीसपत्र किंवा खरेदीखत करावे लागते.

शंभर रुपये व त्याहून अधिक किमतीच्या स्थावरातील हक्क सोडणारा दस्त नोंदणी अधिनियम, १९०८ नुसार नोंदवावाच लागतो. तलाठ्यापुढचा जबाब किंवा नोटरी केलेला मुद्रांक कागद हक्कसोडपत्राची जागा घेऊ शकत नाही. वडिलोपार्जित मिळकतीची हक्कसोड जवळच्या नात्यात असेल, तर मुद्रांक शुल्क नाममात्र असते.

दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातले काम थोड्या वेळात आटोपते. कॅमेऱ्यासमोर फोटो, यंत्रावर अंगठा, ओळख पटवणारे दोघे, आणि एक प्रश्न : दस्त मान्य आहे का? दस्तात ‘कोणत्याही दबावाखाली न येता, स्वखुशीने, मोबदला न घेता’ अशी ओळ ठरलेली असते. सोडला जाणारा हिस्सा किती गुंठ्यांचा, हे मात्र अनेक दस्तांत लिहिलेले नसते. गट नंबर आणि ‘माझा संपूर्ण अविभक्त हिस्सा’ एवढेच असते. सही करणारीला तो आकडा कोणी सांगितलेला नसेल, तर ती नेमके काय सोडते आहे हे तिला कळणार कसे? हिश्श्याचा काही भागच सोडता येतो, आणि कोणाच्या लाभात सोडला हे नाव घालून लिहिता येते, हेही तिला आधी सांगितले पाहिजे.

नंतर फेरफार, म्हणजे जमिनीच्या महसुली नोंदीतला बदल, पडतो, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकत नसल्यास मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि सातबाऱ्यावरून बहिणीचे नाव कमी होते. सातबारा हा महसुली अभिलेख आहे, मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. त्यामुळे वारसनोंदीच्या वेळी बहिणीचे नाव वगळले गेले, तरी तेवढ्याने तिचा हिस्सा बुडत नाही.

अनेक बहिणी हक्कसोड मनापासून करतात : भावाने आईवडिलांना सांभाळले, लग्नाचे कर्ज फेडले, जमीन तोच कसतो. तितक्याच जणी माहेर तुटेल या भीतीने सही करतात. दिवाळीला साडीचोळी, आजारपणात हक्काचे दार, सासरी काही बिनसले तर जायला एक घर, हे सारे त्या कागदाच्या पलीकडच्या पारड्यात असते. कायदा फसवणूक आणि धमकी ओळखतो. रुसलेल्या भावजयीचे दडपण सिद्ध करायचे कसे, याला त्याच्याकडे साधन नाही.

फसवून घेतलेला दस्त रद्द करण्यासाठी दिवाणी न्यायालयात दावा लावावा लागतो. दस्त रद्द होण्यास आधार देणाऱ्या गोष्टी कळल्यापासून त्याला तीन वर्षांची मुदत असते. पुष्कळदा बहिणीला ते कळते रस्त्यासाठी जमीन संपादित झाल्यावर, मोबदल्याच्या यादीत आपले नाव नाही हे पाहून. मुदत त्या दिवसापासून धरायची की अंगठा दिला त्या दिवसापासून, इथूनच मग दाव्यातला वाद सुरू होतो.