१ टीबीच्या डिस्कमधले ६९ जीबी जातात कुठे?

नवीन १ टीबीची हार्ड डिस्क कॉम्प्युटरला लावली की विंडोज दाखवतं ९३१ जीबी, आणि मग लोक दुकानदाराशी भांडायला जातात की डुप्लिकेट माल दिलात म्हणून. डुप्लिकेट नसतो हो. १ वर १२ शून्य एवढे बाइट त्यात असतातच, कारण कंपनी १००० च्या पटीत मोजते, किलो म्हणजे हजार, मेगा म्हणजे दहा लाख, शाळेत शिकलो तेच. विंडोज मात्र १०२४ ने भागत जातं आणि तरीही पुढे जीबीच लिहितं, माझ्या मते सगळा घोळ तिथेच आहे.

हे १०२४ आलं रॅममधून, म्हणजे कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या मेमरीतून. मेमरी चिपला पत्त्याच्या लाइन असतात, प्रत्येक लाइनवर ० किंवा १, त्यामुळे एक लाइन वाढली की जागा दुप्पट, अशा १० लाइन झाल्या की १०२४. हजाराच्या एवढं जवळ होतं की लोकांनी त्यालाच किलो म्हणून टाकलं. किलोला फरक २.४ टक्केच, चालून गेलं, पण गिगाला (जीबी) तो ७.४ होतो आणि टेराला (टीबी) जवळजवळ १०. हार्ड डिस्कला मात्र असलं काही बंधनच नाही, तबकडीवर सेक्टर, म्हणजे माहिती ठेवायचे छोटे कप्पे, बसतील तेवढे.

खरी गंमत जुन्या फ्लॉपीची. दोन बाजू, बाजूला ८० ट्रॅक म्हणजे गोल पट्टे, ट्रॅकमध्ये १८ सेक्टर, सेक्टरमध्ये ५१२ बाइट. गुणाकार केला की १४,७४,५६० बाइट. १००० च्या हिशोबाने १.४७ एमबी, १०२४ च्या हिशोबाने १.४१, मग फ्लॉपीवर १.४४ कसं काय? तर आधी १०२४ ने भागून १४४० केबी काढले आणि नंतर त्याला १००० ने भागलं! म्हणजे कुठल्याच हिशोबात न बसणारा आकडा, आणि तोच सगळीकडे छापला.

आयईसी या मानकं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९८ मध्ये १०२४ च्या पटीतल्या मापांना वेगळी नावं दिली, किबीबाइट, मेबीबाइट, गिबीबाइट. लिनक्समध्ये बऱ्याच ठिकाणी ती दिसतात, बोलताना कोणी वापरत नाही. ॲपलने २००९ च्या स्नो लेपर्ड या मॅकच्या सिस्टिमपासून मॅकवर सरळ १००० ने मोजायला घेतलं, म्हणून तीच डिस्क तिथे १ टीबी दिसते. विंडोजवाल्यांनी ड्राइव्हवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडावं, जीबीच्या शेजारीच पूर्ण बाइटचा आकडाही दिलेला असतो.