छातीचा पट्टा आणि गोव्याचा घाम

मे महिन्यात गोव्यात कुणाला सांगून बघा, की हृदयगती मोजणारा पट्टा छातीला बांधण्याआधी पाण्याने ओला करायचा असतो. पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर सकाळी धावणारे हसतील. इथे पाच मिनिटांत माणूसच निथळायला लागतो, तिथे पट्ट्याचं काय घेऊन बसलात! ही सूचना थंड, कोरड्या हवेच्या देशातून आली हे खरंच आहे. बिनतारी हृदयगतीमापकांसाठी ओळखली जाणारी पोलर कंपनी १९७७ साली फिनलंडच्या उत्तरेकडच्या केंपेले गावात सुरू झाली, आणि कल्पना सुचली ती बर्फावर स्कीइंग करणाऱ्या खेळाडूंमुळे. तरीही गोव्यात ती सूचना पाळावीच लागते.

हृदयाचा प्रत्येक ठोका विजेच्या एका लाटेने सुरू होतो. ती शरीरभर पसरत कातडीपर्यंत येते तेव्हा छातीवर तिची उंची साधारण एक मिलिव्होल्ट उरते. टीव्हीच्या रिमोटमधला पेन्सिल सेल दीड व्होल्टचा असतो, म्हणजे हा संकेत त्याच्या दीड हजाराव्या भागाएवढा. शिवाय छातीचे स्नायू, हलणारे हात, घासणारा कपडा या सगळ्यांची वीज त्यात मिसळते. शिगम्याच्या रोमटामेळात, ढोल-ताशांच्या त्या मिरवणुकीत, लांबून ताशे-कांसाळी वेगवेगळी ओळखू येत नाहीत, ढोल तेवढा कळतो. तसं पट्ट्यातलं सर्किट या गोंधळात एकच उंच टोक शोधतं. ईसीजीच्या कागदावर जो सुळका दिसतो, तोच हा, ‘आर’ तरंग. दोन सुळक्यांमधलं अंतर ४०० मिलिसेकंद असेल तर गती मिनिटाला १५०. काही सेकंदांची सरासरी पट्टा बिनतारी घड्याळाला पाठवतो. पट्टा नसेल तर मनगटावरचं घड्याळ हिरवा उजेड टाकून रक्ताचा प्रवाह बघतं आणि पुष्कळदा पावलांच्या ठेक्यालाच ठोके समजून बसतं. पट्टा थेट वीज ऐकतो, म्हणून तो जास्त भरवशाचा. पण ऐकू आलं तर.

आणि अडतं ते कातडीपाशी. कातडीचा सर्वांत वरचा थर मेलेल्या, सुकलेल्या पेशींचा असतो. त्यातून वीज सहज जात नाही. मिठाचं पाणी मध्ये आलं की वाट मोकळी होते. ईसीजीसाठी १९२४ चं नोबेल पारितोषिक मिळालेले विलेम आइंटहोवेन सुरुवातीला माणसाला हात आणि पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसवत, ते याचसाठी. आपल्याकडे ते काम घाम करतो, फक्त तो उशिरा येतो. रात्रभर एसीत झोपून उठलेली कातडी पणजीतही कोरडीच असते, एसी जिममधली तर असतेच. मग चालायला लागल्या लागल्या घड्याळ १९० दाखवतं आणि दहा मिनिटांनी आपोआप ११० वर येतं. तोवर घासण्याचे खोटे धक्के ठोके म्हणून मोजले जात असतात. पट्ट्याच्या आतल्या बाजूच्या दोन्ही गुळगुळीत किंवा खरखरीत पट्ट्या, म्हणजे इलेक्ट्रोड, नळाखाली ओल्या करा आणि मगच बांधा. थुंकीही चालते, सायकलवाले सर्रास तेच करतात. छातीवर दाट केस असतील तर पाण्यापेक्षा ईसीजीची जेल बरी.

पट्टा बसतो छातीच्या स्नायूंच्या खाली, बायकांना ब्राच्या पट्टीच्या लगेच खाली किंवा तिच्याच आत. दीर्घ श्वास घेतल्यावर काचू नये आणि उड्या मारल्यावर घसरू नये, इतका घट्ट. जुना पट्टा इलॅस्टिक सैल पडल्याने घसरतो आणि लोक सेल बदलत बसतात. शांत बसलेलं असताना आकडा नाडीच्या बरोबर दुप्पट येत असेल, तर सर्किट ‘आर’बरोबर मागून येणारा ‘टी’ तरंगही मोजत असण्याची शक्यता असते. पट्टा दोन बोटं डावीकडे किंवा उजवीकडे सरकवून पाहा. हृदयाकडे बघण्याची दिशा बदलली की सुळक्यांची उंची बदलते.

पॉलिएस्टरच्या सैल जर्सीचा त्रास वेगळा. वाऱ्यात ती फडफडत घासली की स्थिर वीज साचते आणि तिच्यापुढे एक मिलिव्होल्ट म्हणजे काहीच नाही. किनाऱ्यावरच्या दमट हवेत ही वीज टिकत नाही, हा आपला फायदा. पण डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या सकाळी चोर्ला घाट उतरताना गती अचानक २२० दिसली, तर घाबरण्याआधी जर्सीची चेन वर ओढा.

कधी पट्टा ठणठणीत असतो आणि तरी घड्याळाला सापडत नाही. बरेच पट्टे ब्लूटूथवर एका वेळी एकाच यंत्राशी बोलतात आणि खिशातल्या फोनच्या ॲपने ती जागा आधीच अडवलेली असते. ॲप पूर्ण बंद केलं की प्रश्न मिटतो. नवा पट्टा पहिल्यांदा जोडताना मात्र घोळक्यापासून लांब उभे राहा, नाहीतर शेजाऱ्याचे ठोके आपल्या खात्यावर जमा व्हायचे.

समुद्राची गोष्ट गमतीची आहे. मिठाचं पाणी हवं म्हटलं, पण मिरामारच्या लाटांत ते चहूबाजूंनी असतं आणि दोन इलेक्ट्रोडांमधली वीज परस्पर वाहून जाते. त्यात ब्लूटूथचे २.४ गिगाहर्ट्झचे तरंग पाण्यात काही सेंटिमीटरमध्येच विरतात. आयर्नमॅन ७०.३ गोवासारख्या पोहणं-सायकल-धावणं अशा तिहेरी शर्यतीत १.९ किलोमीटर पोहण्याच्या टप्प्यावर म्हणूनच थेट आकड्याची आशा धरू नये. काही पट्टे ठोके स्वतःच्या स्मृतीत साठवतात आणि बाहेर आल्यावर घड्याळाला देतात, तेही पट्टा घसरला नाही तरच.

आपल्या हवेचा खरा मार पट्ट्यावर बसतो तो धावून झाल्यावर. घाम सुकतो, मीठ राहतं. हे मीठ इलेक्ट्रोडवर थर धरतं आणि टिचबटणांवर हिरवट गंज आणतं. पावसाळ्यात पिशवीत गुंडाळून ठेवलेल्या पट्ट्यावर बुरशी धरते ती वेगळीच. घरी आल्यावर सर्किट आणि सेल असलेली डबी बटणांवरून काढायची, पट्टा कोमट पाण्यात खळबळून पंख्याखाली वाळत टाकायचा, अधूनमधून सौम्य साबण लावायचा. कपडे मऊ करणारं द्रावण नको, त्याचा थर इलेक्ट्रोडवर बसतो. डबी काढण्याचं कारण केवळ स्वच्छतेचं नाही. बटणांमधून वीज वाहते आहे यावरून डबीला कळतं की माणसाने पट्टा घातलाय. ओल्या पट्ट्यावर ती तशीच राहिली तर खुंटीवरच्या पट्ट्याचे ठोके शोधत जागी राहते आणि सेल संपवते. हा सेल बहुधा सीआर २०३२ किंवा २०२५ असतो, म्हणजे २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ किंवा २.५ मिलिमीटर जाड. एकाच्या जागी दुसरा कोंबू नका. घरात लहान मूल असेल तर काढलेला सेल लगेच उचला. गिळून अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजतो.

एवढं सगळं नीट असूनही आकडा चढत जातो, तेव्हा मला पट्ट्याची बाजू घ्यावीशी वाटते. एक लिटर घाम वाळताना अंगातली जवळपास ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. नुसता टपटप गळणारा घाम जवळजवळ काहीच नेत नाही. दमट हवेत तो गळतोच. मग शरीर थंड होण्यासाठी कातडीकडे जास्त रक्त पाठवतं, घामाने रक्तातलं पाणी कमी होतं, प्रत्येक ठोक्यात कमी रक्त बाहेर पडतं आणि हृदय ठोके वाढवून भरपाई करतं. वेग तोच ठेवूनही तासाभरात १०-१५ ठोके वाढलेले दिसतात. लोक कमाल हृदयगतीच्या ‘२२० वजा वय’ या ढोबळ सूत्राशी ताडून पट्ट्याला दोष देतात. ते सूत्रच एखाद्या माणसाच्या बाबतीत १०-१२ ठोक्यांनी सहज चुकतं.

शंका आलीच तर थांबा, मनगटावर किंवा मानेच्या एका बाजूला हळूच दोन बोटं ठेवा, १५ सेकंद मोजा, चारने गुणा. नाडी आणि पट्टा जुळत नसतील तर वरच्यापैकी काहीतरी बिघडलंय. पण दोन्ही जुळत असतील आणि बसल्या जागी गती फार वाढलेली किंवा लयच अडखळणारी असेल, चक्कर येत असेल, छातीत दुखत असेल, तर पट्टा काढून डॉक्टरांकडे जा आणि ईसीजी काढून घ्या. पेसमेकर बसवलेल्यांनी पट्टा घेण्याआधीच आपल्या डॉक्टरांना विचारावं.